मार्गदर्शकाने आपली वही उघडावी

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला तेव्हा इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये, रात्रीचे नऊ वाजले होते. म्हणजे वेंगुर्ल्याला मध्यरात्र उलटलेली. पुण्यातल्या एका हॉटेलात तीन दिवसांचं उद्योजकता शिबिर करून तो नुकताच घरी पोचला होता. फी 35 हजार रुपये. झोप त्याला येणारच नव्हती. "मावशे, माका आता खरो मेंटॉर गावलो," तो म्हणाला.

त्याला गावात काजूचं युनिट टाकायचं आहे. घरची कलमं आहेत, वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7, म्हणजे आमच्याच गावच्या फळ संशोधन केंद्राने दिलेल्या जाती. आजूबाजूच्या वाड्यांतून बी मिळते. मी विचारलं, शिबिरात काजूबद्दल काय सांगितलं? काजूबद्दल काही नव्हतं. मोठं स्वप्न बघा, भीती सोडा, पहाटे उठून ध्येय लिहून काढा, नकारात्मक माणसं दूर ठेवा. शिवाय पुढच्या पातळीचं शिबिर दिवाळीनंतर आहे आणि त्याची फी याच्या तिप्पट आहे.

तो इतका आनंदात होता की त्या रात्री मी पुढे बोलले नाही. बोललं ते घरच्या ग्रुपने. दोन दिवस तिथे वाद पेटला होता. थोरल्या मामांचं म्हणणं, "धंदो कोणी शिकवन येना नाय." तरुण मंडळींचं म्हणणं, कोकणी माणूस मागे राहिला कारण त्याला हात धरून नेणारं कोणी भेटलंच नाही, गुजराती, मारवाडी मुलाला घरातच गुरू मिळतो, आपल्याला तो विकत घ्यावा लागला तर बिघडलं कुठे? मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. धंदा शिकवता येतो, हे मी रोज डोळ्यांनी बघते. पण शिकवणारा कोण, हे आपण ज्या खुणांवरून ठरवतो त्या खुणा चुकीच्या आहेत.

मी इथे यंत्रं बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत 17 वर्षं आहे. काही वर्षांपूर्वी शिकाऊ मुलांची जबाबदारी माझ्याकडे आली. मला वाटलं, अनुभव आहे, उद्यापासून सुरुवात करू. तसं इथे चालत नाही. शिकाऊ मुलांची जबाबदारी घ्यायची तर आधी शिकवण्याची परीक्षा द्यावी लागते. लेखी आणि प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात जास्तीत जास्त पंधरा मिनिटं एखादी गोष्ट शिकवून दाखवायची आणि मग परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मी व्हर्नियर कॅलिपरने माप घेणं निवडलं होतं. मापाच्या अचूकतेबद्दल मला एकही प्रश्न आला नाही. त्यांनी विचारलं, मुलाने तिसऱ्यांदा चुकीचं माप घेतलं तर काय कराल? मी म्हणाले, मी स्वतः घेऊन दाखवीन. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मला कळलं की मी चुकतेय.

जर्मनीतल्या बेकरचं, सुताराचं, वीजतंत्र्याचं तसंच आहे. ज्याला आपल्या नावावर बेकरी काढायची आहे त्याला साधारणपणे माइस्टर, म्हणजे परीक्षा देऊन झालेला उस्ताद कारागीर, व्हावं लागतं, आणि त्या परीक्षेचे चार भाग असतात: प्रत्यक्ष काम, कामामागचं शास्त्र, हिशेब आणि कायदा, आणि चौथा शिकवण्याचा. पाव उत्तम भाजतो म्हणून तो पाव भाजायला शिकवू शकेल, असं इथे कोणी गृहीत धरत नाही. 2004 मध्ये धंद्यात शिरणं सोपं व्हावं म्हणून 53 व्यवसायांवरून माइस्टरची अट काढली. फरशी बसवणाऱ्यांसारख्या कामांत शिकाऊ मुलं घेण्याचं प्रमाण घटलं. अखेर 2020 मध्ये 12 व्यवसायांना ती अट पुन्हा लागू झाली.

ही व्यवस्था उचलून कोकणात आणावी असं मी म्हणणार नाही. तिचा जाच मी जवळून पाहिला आहे. हातात कसब असून कागद नसलेला परदेशातला कारागीर इथे वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबतो. माझ्या एका सहकाऱ्याला स्वतःचं वर्कशॉप काढायचं होतं, त्याला भेटलेल्या प्रत्येक सल्लागाराने आधी धोक्यांची यादी वाचून दाखवली आणि त्याने तो विचार सोडला. सव्विसाव्या वर्षी घरचे दागिने गहाण ठेवून युनिट काढायला निघालेला माझा भाचा त्या सहकाऱ्यापेक्षा धीट आहे. त्याच्या धिटाईला मला हात लावायचा नाही.

मला घ्यायची आहे ती एकच गोष्ट: शिकवणाऱ्याची जबाबदारी. माझ्या हाताखालच्या मुलाची परीक्षा बाहेरचे लोक घेतात. तो नापास झाला तर प्रश्न मलाही विचारला जातो. भाच्याचं युनिट उद्या बंद पडलं तर व्यासपीठावरच्या त्या माणसाला कोण विचारणार आहे? तो म्हणेल, याचीच इच्छाशक्ती कमी पडली. शिकवणीचं अपयश शिकणाऱ्याच्या माथी मारण्याची सोय ज्याने आधीच करून ठेवली आहे, त्याला मी मार्गदर्शक मानायला तयार नाही.

सरकारी वाटेवरही हा प्रश्न आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि कागदपत्रांसाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांतले काही जीव तोडून काम करतात, भाच्यालाही तसाच एक भला माणूस भेटला. पण त्यांचं मानधन मंजूर झालेल्या कर्जावर ठरतं: अर्धं मंजुरीनंतर, उरलेलं नोंदण्या, प्रशिक्षण आणि युनिट उभं राहिल्यावर. युनिट उभं राहिलं की त्यांचं काम संपतं. काजूवाल्याचं दुखणं तिथून सुरू होतं.

ते दुखणं काय, हे भाच्याला शेवटी सांगितलं शेजारच्या काकांनी. काकांचं छोटं युनिट वीसेक वर्षं चालू आहे. शिबिराचं कवतिक त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन कोणय देतलो. मार्चात बी घेवक पैसे खयसून हाडतलस?"

काजूची बी मार्च ते मे मध्ये येते. वर्षभर युनिट चालवायचं तर तेवढ्या दिवसांत वर्षभराची बी घेऊन, उन्हात वाळवून, पोती भरून ठेवावी लागते. रोज 100 किलो बी फोडणारं युनिट वर्षात 250 दिवस चाललं तर 25 टन बी लागते. किलोला शंभर रुपये धरले तरी 25 लाख. चार किलो बीमागे साधारण एक किलो गर निघतो आणि त्याचे पैसे दुकानदाराच्या सवडीने, महिन्यांनी येतात. यंत्रासाठी कर्ज आहे, अनुदान आहे. बीसाठी अडकून पडणाऱ्या या रकमेवर पुष्कळ युनिटं बुडतात, किंवा नाइलाजाने व्यापाऱ्याची बी मजुरीवर फोडून देत बसतात. तीन दिवसांच्या शिबिरात हा एक प्रश्न निघाला नाही.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "आठ दिवस माझ्या कटरार येवन बस. मगे बघया." भाचा गेला. टरफलातलं तेल हाताला लागून कातडी कशी भाजते, कटरवर, म्हणजे बी फोडायच्या यंत्रावर, बसणाऱ्या बायका त्यासाठी काय लावतात, अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात केवढी दरी असते, डब्ल्यू-320 ही प्रत म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर हे हाताने मोजून, हे सगळं तो तिथे शिकला. चौथ्या दिवशी त्याने मला सांगितलं की त्या बायकांतली सर्वांत जुनी बाई बी हातात घेतली की ओल ओळखते. तिच्याकडून नफा शिकावा असं त्याला शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं.

इतकं असून काकांबद्दल माझी एक तक्रार होती. भाव ते सांगेनात. बी कितीला घेता, गर कुणाला देता, उधारी किती दिवसांची, हे विचारलं की विषय बदलायचे. कोकणातल्या व्यापाऱ्याची ही जुनी सवय आहे आणि तिला मी नावं ठेवत नाही. बाजार लहान, बी देणारे तेच, घेणारेही तेच. भाव फुटला तर पुढच्या आठवड्यात बी दुसऱ्याच्या दारात उतरते. इथला माइस्टर आपली कृती शिकाऊ मुलाला मोकळेपणाने देतो, कारण त्याच्या पाठीशी कारागिरांची संघटना, म्हणजे चेंबर, आहे, विमा आहे, मोठी बाजारपेठ आहे. काकांच्या पाठीशी काय आहे? तरीही मला वाटतं, चांगल्या मार्गदर्शकाची खरी कसोटी इथेच लागते. कसब दाखवणं सोपं. आपण कुठे बुडालो ते दाखवणं अवघड.

पुढाऱ्यांनाही मी हीच कसोटी लावते. कोकणचा कॅलिफोर्निया करू हे वाक्य ऐकत माझी पिढी मोठी झाली. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव पेटीवर छापायचं तर प्रत्येक बागायतदाराला स्वतंत्र नोंदणी करावी लागते. गावोगाव बसून ते अर्ज भरून घेणारा माणूस मला कुठल्याही घोषणेपेक्षा मोठा नेता वाटतो.

मग असे मार्गदर्शक आणायचे कुठून? जर्मनीत बॉनला 1983 पासून एक संस्था निवृत्त तज्ज्ञांना मानधन न देता जगभरच्या लहान उद्योगांकडे पाठवते. आपल्याकडे अशी संस्था मला माहीत नाही, पण माणसं आहेत. गणपतीला गावी येणारा आणि निवृत्तीनंतर कायमचा परतलेला चाकरमानी बघा. कुणी तीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या आहेत, कुणी गिरणीत फिटर होता, कुणी बंदरावर निर्यातीचे कागद केले. आज तो ओटीवर बसून पेपर वाचतो. त्याने स्वतः धंदा केलेला नाही, त्यामुळे तो काकांची जागा घेऊ शकत नाही आणि सावधपणाचा अतिरेकही करेल. पण खेळतं भांडवल मागायला बँकेत जाताना काय घेऊन जायचं, हे त्याच्याइतकं नीट कोण सांगणार? आमच्या वाडीत असे तिघे आहेत. मी भाच्याला त्यांची नावं दिली. एकाने तर आदल्या वर्षांचा ताळेबंद मागितला. युनिटच सुरू नाही म्हटल्यावर म्हणाला, मग काकांचा आण, त्यावर तुझा अंदाज बांधू.

भाचा ते मागायला गेला तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत, असं त्याने मला सांगितलं. मग आत जाऊन जुनी वही घेऊन आले. एका वर्षी वळवाच्या पावसात पोती भिजली होती, निम्मा माल काळा पडला होता, त्या वर्षाचं पान त्यांनी उघडलं. भाच्याने विचारून त्याचा फोटो काढला आणि मला पाठवला. तारखा, पोती, भाव, आणि खाली काकूंची पाटली मोडून आलेले पैसे. पुढच्या शिबिराची आगाऊ रक्कम भाच्याने भरलेली नाही. येत्या मार्चमध्ये तो 100 नाही, रोज 30 किलोच्या हिशेबाने बी घेणार आहे, आणि ती काका पसंत करून देणार आहेत.