‘तोडलेली’ म्हणे! एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

त्सुबावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. नाव नाही, नुसतं ‘एक वाचक’. एरवी मी अशांना उत्तर देत नाही. पण ही तीनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचताना चहा गार झाला, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्सुबा म्हणजे जपानी तलवारीच्या मुठीत आणि पात्यात असते ती चकती, हाताला आडोसा. तुमचं म्हणणं असं की शाकुदो या मिश्रधातूत दहा टक्के सोनं असतं हे मी चूक लिहिलं. फोटोतल्या माझ्या लोखंडी त्सुबाच्या कातरकामाच्या आतल्या कडा गोलसर दिसतात, तेव्हा ती घडीव नसून ओतीव नक्कल असावी. तिला कागद, म्हणजे अस्सलपणाचा दाखला, आहे का. आणि मग ही दोन रत्नं. “तलवारीपासून तोडलेली त्सुबा जमवणं म्हणजे देवळाचा खांब उपटून दिवाणखान्यात लावणं.” “ज्याने जन्मात हातोडा धरला नाही त्याने कारागिरीच्या नावाने गळा काढू नये.”

शाकुदोचं मान्य. तांब्यात सोनं साधारण तीन ते पाच टक्केच असतं, दहा हा माझा हलगर्जीपणा. लेखात दुरुस्त केलं आहे, तुमचे आभारही मानले आहेत. चूक दाखवली की मी ऐकतो, हे यावरून दिसावं.

आता हातोडा. तुम्ही मला ओळखत नाही, तरी माझ्या हातांबद्दल तुम्हाला बरीच माहिती दिसते. मी सतराव्या वर्षी भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून लागलो. पहिले तीन महिने एकच काम: व्हाइसमध्ये लोखंडाचा ठोकळा पकडायचा आणि कानस मारत राहायचं. संध्याकाळी उस्ताद ठोकळ्यावर गुण्या ठेवून तो खिडकीसमोर धरायचे. गुण्याखालून उजेडाची केसाएवढी रेघ दिसली की काही न बोलता ठोकळा परत माझ्या हातात. बोटांची सालं निघाली होती. पुढे बत्तीस वर्षं डाय बनवल्या. डाव्या अंगठ्याचं नख आजही वाकडं वाढतं, तेही हातोड्याचंच देणं. तुमच्या अंगठ्याचा फोटो टाका, मग बोलू.

जपानातल्या नागोयालाही मी फिरायला गेलो नव्हतो, डायच्या कामासाठी कंपनीनं पाठवलं होतं. तिथे ओसू कान्नोनच्या देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुना बाजार भरतो. किटल्या, किमोनो, फुटकी घड्याळं, आणि एका पत्र्याच्या डब्यात गंजलेल्या त्सुबा. त्यातली एक उचलली, कातरकामाच्या आत नख फिरवलं आणि नखाला बारीक ओरखडे लागले. कानशीचे. आडवे, एकमेकांना चिकटून, कोपऱ्यात जरा घाईचे. मी सतराव्या वर्षी जे करत होतो तेच कुणीतरी त्या ओवारी प्रांतात शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. (नागोया म्हणजे जुनं ओवारी. तिथल्या लोखंडी, जाळीदार त्सुबा प्रसिद्ध आहेत. ठसठशीत, उगाच नखरा नाही.) माझा नाद तिथून सुरू झाला. दिवाणखान्यातून नव्हे.

पण मला खरा लागला तो ‘तोडलेली’ हा शब्द. ‘सुटी’ म्हणता आलं असतं. ‘उतरवलेली’ म्हणता आलं असतं. अंगावरचा दागिना आपण उतरवतो, तोडतो तो चोर. तुम्ही शब्द निवडून वापरलात, तेव्हा उत्तरही सविस्तर घ्या.

आपल्याकडची तलवार बघा. पात्याचा मुठीत जाणारा भाग लाखेनं पक्का बसवलेला असतो. मूठ काढायची तर ती तापवावी लागते. जपानी तलवारीचं तसं नाही. मुठीत आडवी घातलेली बांबूची एक खुंटी, मेकुगी, एवढ्यावर सगळा डोलारा. ती बाहेर ढकलली की मूठ निघते, मग वॉशरसारखी पातळ सेप्पा, मग त्सुबा, मग दुसरी सेप्पा, शेवटी पात्याच्या मुळाशी चढवलेली धातूची पकड, हाबाकी. ही वस्तू सुटी व्हावी म्हणूनच तशी बनवली आहे. पातं साध्या होनोकी लाकडाच्या म्यानात एकीकडे आणि सगळा साज लाकडी पात्यावर चढवून दुसरीकडे, अशी ठेवायची पद्धत जपान्यांचीच. एकाच पात्याला दोन-दोन साजही असत. एदोच्या (म्हणजे जुन्या तोक्योच्या) किल्ल्यात हजेरी लावायची तर काळं म्यान आणि शाकुदोचा, माशाच्या अंड्यांसारख्या बारीक दाण्यांचा साज. बाकी दिवशी आपल्या आवडीचं. खांब म्हणे! देवळाचा खांब दर सणाला बदलतात का?

आणि याचा पुरावा त्सुबाच्याच अंगावर असतो. मधल्या भोकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला तांब्याचे छोटे तुकडे ठोकून बसवलेले दिसतात, त्यांना सेकिगाने म्हणतात. पातं बदललं, भोक सैल पडलं, की तांबं घालून ते नव्या पात्याच्या मापाचं करायचं. तांबं मऊ, पात्याला इजा नाही. माझ्या एका त्सुबात वरचा तुकडा एका बाजूनं कानसून पुन्हा ठोकला आहे, त्याच्या भोवती छन्नीच्या टोकाच्या चार खुणा आहेत. म्हणजे ती निदान दोन पात्यांवर तरी बसली असणार. तिचं मूळ पातं कुठलं, सांगा बघू. कुठल्या पात्यापासून मी ती ‘तोडली’?

आपल्या फिरंगीचं काय? पातं युरोपातून आलेलं, मूठ इथल्या कारागिराची. ती बघून कुणी म्हणत नाही की हे उपटलेलं आहे. आपलं असलं की परंपरा, जपान्यांचं असलं की तोडफोड.

राहिला प्रश्न या वस्तू बाजारात आणल्या कुणी. २८ मार्च १८७६ रोजी मेइजी सरकारनं सैनिक-पोलीस वगळता लोकांना तलवार लावून फिरायला बंदी केली. पिढ्यान्‌पिढ्या साज घडवणाऱ्या हातांचं काम एका हुकुमानं बसलं. कानो नात्सुओसारखा माणूस तगला, त्यानं नव्या सरकारच्या नाण्यांचे ठसे कोरले, पुढे तोक्योच्या कलाशाळेत शिकवलं. प्रत्येकाला असं जमलं नाही, कुणी फुलदाण्यांकडे वळले, कुणी परदेशी गिऱ्हाइकांसाठी पेट्या करू लागले. त्सुबा ढिगानं विकल्या गेल्या, बोटीनं युरोप-अमेरिकेत पोचल्या, आज बॉस्टनच्या आणि ऑक्सफर्डच्या संग्रहालयांत आहेत. त्यांना पत्र लिहा. माझ्याकडे अकरा आहेत, त्या बिस्किटाच्या डब्यात मावतात.

ओतीव-घडीव यावर फार लिहीत नाही. मोबाइलच्या फोटोवरून ते ठरवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. उजेड वरून होता. ही त्सुबा मी दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून घरपोच मागवली. दोऱ्याला टांगून टिचकी मारली की छान वाजते, मला तेवढं पुरे. कागद नाही. तोक्योची तलवार-जतन संस्था १९४८ पासून आहे, तिचे कागद मोलाचे असतात, पण प्रत्येक चांगल्या वस्तूपाशी कागद असतोच असं नाही. माझ्या उस्तादांकडेही कुठलं सर्टिफिकेट नव्हतं.

बाकी किरकोळ मुद्दे सोडून देतो. पुढच्या वेळी नाव लिहा. नाव लिहिलं की भाषा आपोआप सुधारते, असा माझा अनुभव आहे. लोभ असावा वगैरे.

ता. क. : हे लिहून झाल्यावर फोटोतली ती त्सुबा आणि भिंग घेऊन बसलो होतो. कातरकामाच्या आत कानशीचे ओरखडे नीट दिसले नाहीत. खोलीतला बल्ब पिवळा आहे. सकाळी खिडकीसमोर धरून बघतो.