मालकाचं उत्तर: चार खिडक्या, लांबी (काचेची पुट्टी) आणि गणपतीआधीचा रंग

नमस्कार साहेब. तुमच्या चार लाकडी खिडक्यांच्या दुरुस्तीत तुम्हाला मनस्ताप झाला, हॉलमध्ये भुसा राहिला, त्याबद्दल माफी असावी. रिव्ह्यूत दोन तारे दिलेत, तुमचा हक्क आहे. पण "काच बसवून काम मुद्दाम लटकवलं, तरी लांबीला भेगा पडल्या आणि झडप उघडतच नाही" असं चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तर देणं भाग आहे. गिरगावातली आमची निम्मी कामं एकमेकांच्या सांगण्यावरून मिळतात.

लांबी आम्ही खडूच्या पावडरीत अळशीचं तेल घालून मळतो. भिंतीची तयार पुट्टी काचेला लावली तर पहिल्याच पावसात सुटते. तेलाची लांबी ओल्या कपड्यासारखी वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेत ती वरून हळूहळू कडक होते. कोरड्या हवेत आठवडाभर, श्रावणात दोन आठवडेसुद्धा लागतात. बोट टेकवल्यावर ठसा उठला नाही, की मग ऑइल पेंट. तोही काचेवर २ मिमी चढवून, म्हणजे लांबी आणि काच यांच्यामधून पाणी शिरत नाही. घाई केली तर वरचा रंग कडक होतो, खालची लांबी मऊच राहते, आणि रंगाला सुरकुत्या येऊन तो तडकतो. तुमच्या फोटोत नेमकं हेच दिसतंय.

काम लटकलं नव्हतं, लांबी सुकत होती. काच बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा रंगारी लावलात. गणपती तोंडावर होते हे आम्हालाही कळतं, पण थांबा म्हणून फोनवर सांगितलं होतं.

आता झडप. चौकटीत चारही बाजूंनी २ मिमी फट ठेवली होती. पावसात लाकूड आधीच फुगलेलं असतं, तेव्हा रंधा मारून फट आणखी मोठी केली तर लाकूड आकसल्यावर हिवाळ्यात तिथून वारा येतो. रंगाऱ्याने झडप बंद ठेवूनच दोन हात मारले आणि फट रंगाने भरली. घासणारी झडप एखाद्या कोपऱ्यात अडते, तिथला रंग खरवडलेला दिसतो. तुमची कुठूनच हलत नाही, म्हणजे ती रंगाने चिकटली आहे.

दराबद्दलच्या तक्रारीवर एवढंच की खालच्या पट्टीचा कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने इपॉक्सीत बसवलाय, बिजागऱ्यांच्या सैल भोकांत सागाच्या खुंट्या ठोकून मग स्क्रू पिळलेत. हे रंगाखाली दिसत नाही, त्याला आमचा इलाज नाही. आणि जुना रंग पाणी मारून घासला तो जमीन खराब करायला नव्हे. घरगुती रंगांत शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. तुमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे, ती धूळ घरात उडायला नको.

यापुढे लांबी सुकायचे दिवस कोटेशनवर लिहून देऊ, बाकीही बघतो. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की येऊन फटीत पातळ पातं फिरवून झडप सोडवतो, मजुरी नको. तडकलेली लांबी काढून नवी भरायचे मात्र पैसे पडतील. तोवर काचेवर हात ठेवून झडप ढकलू नका, काच फुटेल.