चांदीच्या नाण्याला विष कळत नाही

पावसाळा लागला की आमच्याकडच्या गटांवर एक मेसेज फिरू लागतो. ‘बाजारात पाकिटात मिळणारी मशरूम औषधात बुडवून पिकवतात. आपल्या विदर्भाच्या उन्हात ती होतच नाहीत, शिळी आणून विकतात. शिवाय तो मांसाहारच. त्यापेक्षा रानातली मशरूम, म्हणजे सात्या खा. शिजवताना चांदीचं नाणं टाका, काळं पडलं नाही तर बिनधास्त.’

आधी शेवटचंच घेते, कारण ते जिवावर बेतणारं आहे. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. उकडलेल्या अंड्यानेही पडते. डेथ कॅप नावाच्या जीवघेण्या अळिंबीतलं (मशरूममधलं) अमाटॉक्सिन हे विष चांदीला काहीच करत नाही. ते उकळून जात नाही, तळून जात नाही, वाळवूनही जात नाही. खाल्ल्यावर सहसा 6 ते 12 तास माणूस ठणठणीत असतो. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस उतार, आणि तेवढ्यात यकृत खराब होत गेलेलं असतं. ‘किड्यांनी खाल्लं ते माणसाला चालतं’ हाही तसलाच आधार. गोगलगाई डेथ कॅप आरामात खातात.

सात्या मलाही आवडतात. पण माझी आजी नाणंबिणं टाकत नसे. वारुळापाशी उगवलेली, टोपीच्या मधोमध टोक असलेली, आणि उपटताना देठ मुळासारखा खोल जमिनीत जाणारी, एवढं सगळं जुळलं तरच ती टोपलीत जायची. शंका आली की तिथंच सोडून द्यायची. ओळख रानातच व्हायची, पातेल्यात नाही. ज्याला ती ओळख नाही, त्याला हा मेसेज पाकीट टाकून रानात धाडतो, हीच माझी खरी तक्रार.

औषधाची गोष्ट मात्र निव्वळ थाप नाही. आठवडी बाजारात दिसू लागलेली धिंगरी (ऑयस्टर मशरूम) सोयाबीनच्या किंवा गव्हाच्या कुटारावर (भुशावर), धानाच्या तणसावर वाढते. त्यातली नको ती बुरशी मारायला काही जण कुटार कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि फॉर्मेलिन हे जंतुनाशक घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवतात. तेच काम 80 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यातही होतं, आणि करणारे करतात. विकणारा बहुतेक वेळा जवळच्याच गावचा असतो, तेव्हा सरळ विचारावं: कुटार गरम पाण्यातलं की औषधातलं? मी विचारते. एकाने उत्तर टाळलं, त्याच्याकडून घेत नाही.

उन्हाचं म्हणाल तर बटण मशरूमला 14 ते 18 अंशांचा गारवा लागतो, तिथं मेसेज बरोबर आहे. धिंगरी मात्र 20 ते 30 अंशांत होते, म्हणजे पावसाळा उतरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे सोय आहे. दुधी मशरूमला 30 ते 35 अंश मानवतात. मे महिन्यात 45 चढल्यावर ओली पोती टांगूनही काही खरं नाही, हे कबूल. आणि शिळेपणाची भीती असेल तर गावाजवळची धिंगरीच बरी; ती दोन-तीन दिवसांवर टिकतच नाही, लांबून आणणार कशी?

मांसाहाराचं एका ओळीत: अळिंबी ही बुरशी, ना वनस्पती ना प्राणी. माळकरी घरात चालत नसेल तर नका करू, तो श्रद्धेचा भाग. उलट ‘मटणाइतकं प्रोटीन’ म्हणून विकणाऱ्यांवरही विश्वास नको. ताजी धिंगरी 90 टक्क्यांच्या आसपास पाणीच असते.

घरी आणलीत तर प्लास्टिकचं पाकीट उघडा, कागदात गुंडाळून ठेवा. कच्ची खाऊ नका. कांदा-लसूण, तिखट आणि वरून भरपूर सांभार (कोथिंबीर), सात्यांसारखीच भाजी करा. देठाशी पांढरी लव आली म्हणून शेजारच्या काकूंनी मागच्या आठवड्यात अख्खं पाकीट उकिरड्यावर टाकलं. ती धिंगरीचीच वाढ होती. चिकट झाली, आंबूस वास आला, तर टाकायची.