टेक्निकपुढे वजन झूट? थांबा, काटा आणतो

गेले काही दिवस आमच्या दर्यापूरकडच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मजकूर फिरतोय. हरभऱ्याच्या भावाखाली तोच, वाढदिवसाच्या केकखालीही तोच. ऐन भरातला हलक्या गटांचा बॉक्सर फ्लॉइड मेवेदर आणि ऐन भरातला जड गटाचा माइक टायसन रिंगमध्ये उतरले तर मेवेदरच जिंकेल, कारण 'खऱ्या टेक्निकपुढे वजन झूट'. त्याखाली पाच पुरावे, आणि शेवटी 'सहमत असाल तर दहा जणांना पाठवा'. परवा पानठेल्यावर एका पोट्ट्यानं मलाच धरलं. "भाऊ, तुमी तं बॉक्सिंग खेळेल हा, सांगा ना खरं काय हाय ते." म्हटलं, लिहूनच टाकतो. तोंडी सांगायला गेलं की दोन वाक्यांत कोणीतरी टायसननं कान चावल्याची गोष्ट काढतो आणि विषय तिथंच बसतो.

आधी काटा लावू. मेवेदर १३० ते १५४ पौंडांच्या गटांत खेळला, आणि अंगावर त्याच्या दीडशेच्या फार पुढे वजन कधी चढलं नाही. टायसननं १९८८ साली मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं तेव्हा तो २१८ पौंडांचा होता. आपल्या मापात ६८ किलो आणि ९९ किलो. मधे ३१ किलोंचा फरक. युरियाची गोणी ४५ किलोची असते; तिचे तीन वाटे करा आणि दोन खांद्यावर घ्या, साधारण तेवढा.

आता पुरावे. 'रॉय जोन्सनं हेवीवेटला हरवलं, मग मेवेदर काऊन नाही?'

हरवलं, शंका नाही. (हेवीवेट म्हणजे सगळ्यात जड गट.) १ मार्च २००३ ला जोन्स १९३ पौंडांचा होऊन उतरला, समोरचा जॉन रुइझ २२६ चा, आणि जोन्सनं त्याला बारा राउंड नाचवून गुणांवर सामना घेतला. मिडलवेटचा, म्हणजे १६० पौंडांच्या गटाचा, माजी विजेता हेवीवेटचा विजेता झाला, तो १८९७ च्या बॉब फिट्झसिमन्सनंतर पहिल्यांदाच. मजकुरात हे मोठ्या अभिमानानं लिहिलंय. पण १०६ वर्षांत एकदा घडलेली गोष्ट कशाचा पुरावा झाली? एखाद्याला एखाद्या साली कोरडवाहूत कापूस छप्पर फाडून होतो. त्याच्या भरवशावर शेजारी कर्ज काढत नाही. शिवाय तिथला फरक १५ किलोंचा होता, इथला दुपटीहून जास्त. रुइझही काही टायसन नव्हता. संथ, जडशीळ खेळणारा गडी, जोन्सच्या वेगासाठी अगदी सोयीचा. आणि ते वजन उतरवून जोन्स पुन्हा खालच्या गटात आला, त्यानंतर मे २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरनं त्याला दुसऱ्याच राउंडला आडवा केला. मजकुराच्या लेखकाची गोष्ट मार्च २००३ लाच संपते.

'पॅकियाओनं आठ वजनगटांत किताब जिंकले.' हा पुरावा तर लिहिणाऱ्यावरच उलटतो. फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ १९९८ साली ११२ पौंडांच्या गटात विजेता झाला आणि २०१० मध्ये १५४ च्या. म्हणजे आठ गट मिळून ४२ पौंड, १९ किलो, आणि तेही बारा वर्षांत. खालचे गट एकमेकांना इतके चिकटून आहेत की 'आठ' आकडा ऐकायलाच मोठा वाटतो. त्यात १५४ ची लढत करारानं १५० वर ठरवली होती, आणि पॅकियाओ काट्यावर जेमतेम १४४.६ भरला. बॉक्सिंगमधला वजनगट चढण्याचा सगळ्यात गाजलेला पराक्रम १९ किलोंचा, आणि हे मेवेदरला एका रात्रीत ३१ किलो चढायला सांगतात.

तिसरा पुरावा खरा दमदार आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. 'मेवेदरला कोणी मारूच शकत नाही. ५० लढती, ५० विजय. लागलंच नाही तर टायसनचं वजन काय चाटायचं?'

मेवेदरचा डिफेन्स मी तासन्‌तास पाहिलाय. डावा खांदा वर, हनुवटी त्यामागे, पंच खांद्यावरून घसरून जातो. त्याच्यासारखा दुसरा माझ्या तरी पाहण्यात नाही. पण 'लागत नाही' हे खोटं. मे २०१० मध्ये शेन मोस्लीचा उजवा दुसऱ्या राउंडला असा बसला की मेवेदरचे गुडघे वाकलेले सगळ्यांनी पाहिले. त्यानं काय केलं? मोस्लीला मिठी मारली आणि डोकं ठिकाणावर येईस्तोवर सोडलं नाही. मोस्ली त्याच्याच १४७ च्या गटातला. ९९ किलोंच्या टायसनला मिठी मारून धरायचं कसं, हे मजकुरात कुठं नाही.

दुसरी गोष्ट रिंगमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही: अडवलेला पंचही लागतो. शाळेत असताना मी ४८ किलोंच्या गटात होतो. एकदा जोडीदार आला नाही म्हणून सरांनी मला साठ-बासष्ट किलोंच्या पोरासमोर उभं केलं. "हळू खेळजो बे," असं त्याला बजावून. त्याचा पहिला उजवा मी बरोबर अडवला. दोन्ही हात वर, कोपरं आत, पुस्तकात दाखवतात तस्सं. आणि माझाच ग्लोव्ह माझ्या नाकावर आदळला. रक्त माझ्याच ग्लोव्हनं काढलं. सर म्हणाले, गार्ड बरोबर होता. होताच.

पटत नसेल तर घरी करून पाहा. एका पोत्यात कुटार भरा, दुसऱ्यात ओली रेती, आणि दोन्ही कडुनिंबाला टांगा. तोच हात, तोच जोर. कुटाराचं पोतं झोका घेतं, रेतीच्या पोत्यावर मनगट मुरगळतं. हलक्या माणसाचं मरण दोन्हीकडून: त्याचा पंच समोरच्यात मुरतो, समोरच्याचा त्याला जागेवरून उचलतो. बरं, मेवेदरचे नॉकआउट मोजा. २००७ ला हॅटन, २०११ ला ऑर्टिझ, २०१७ ला मॅकग्रेगर. त्या दहा वर्षांत बाकीचे सगळे विजय गुणांवर. म्हणजे टायसनला पाडून लवकर मोकळं होण्याची वाट बंद. बारा राउंड, म्हणजे छत्तीस मिनिटं, एकही चूक न करता पळायचं.

याची थोडी चाचणी होऊनही गेली आहे. जून २०२१ मध्ये मेवेदर लोगन पॉल नावाच्या यूट्यूबवाल्याशी प्रदर्शनी सामना खेळला. मेवेदर १५५ पौंडांचा, पॉल १८९.५ चा. पॉलच्या नावावर एकच व्यावसायिक लढत, तीही हरलेली. मेवेदर तेव्हा ४४ वर्षांचा होता आणि सामना खेळीमेळीचा होता, हे धरून चाला. तरी आठ राउंड झाले आणि पॉल पायांवर उभा होता. दमला की मेवेदरवर रेलायचा, बस. रेलायला टेक्निक लागत नाही, पंधरा-सोळा किलो जास्त लागतात.

'गामा पैलवानानं सात फुटी रहीमबक्षला लोळवलं.' अहो, ती कुस्ती. कुस्तीत समोरच्याचंच वजन वापरून त्याला पाडता येतं. ढाक लावताना तो जेवढा जोरात अंगावर येईल तेवढं बरं. ठोशात ती सोय नाही. आणि गामा उंचीनं कमी असेल, अंगानं किरकोळ कधीच नव्हता. पुढे.

'वजनगट हा धंद्याचा बनाव आहे.' यात निम्मं खरं आहे. १९०९ साली लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनं आठ गट ठरवले होते, त्यांचे आता सतरा झालेत, आणि प्रत्येक गटात चार-चार संस्थांचे पट्टे. जितके पट्टे तितकी तिकिटं. पण धंदा गटांच्या संख्येत आहे, गट असण्यात नाही. बनावच असता तर खेळाडूंनी एवढा जीव का जाळला असता? २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट फायनलच्या सकाळी ५० किलोंवर १०० ग्रॅम जास्त भरली, आणि ते उतरवायला रात्रभर काय काय केलं ते गावातल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. वजनानं फरक पडत नसता तर तिनं आरामात वरच्या गटात नाव दिलं असतं. मेरी कोमवर तर वर खेळायची वेळच आली. तिची विश्वविजेतेपदं ४५, ४६, ४८ किलोंची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचा सगळ्यात खालचा गटच ५१ चा. ती वर चढली, उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून ११-६ नं हरली, कांस्य घेऊन आली. टेक्निक कमी होतं म्हणणारा माझ्यासमोर यावा.

एक मात्र कबूल. हेवीवेटच्या आत हा हिशेब सैल होतो. मे २०२४ मध्ये ओलेक्झांडर उसिकनं आपल्याहून सुमारे १८ किलो जड टायसन फ्युरीला (हा टायसन वेगळा) हरवलं. त्याआधी २००९ ला डेव्हिड हेनं तर जवळपास ४५ किलो जड वॅलुएव्हला. पण उसिक आणि डेव्हिड हे, दोघंही स्वतः शंभर किलोंच्या आसपासचे. तेवढा दणका अंगात असला की समोरच्याचं वरचं मांस निम्मं ओझंच असतं. ६८ किलोंना तो नियम लागू होत नाही.

पाचही पुराव्यांत टायसन कुठं आहे ते शोधा. नाहीच. तिथं आहे ते फक्त ९९ किलोंचं पोतं. खरा टायसन पाच फूट दहा इंचांचा, हेवीवेटमध्ये बुटकाच. त्याची रीच, म्हणजे पसरलेल्या हातांचा पल्ला, ७१ इंच, मेवेदरची ७२ (हे ठाऊक असतं तर सहावा पुरावा झाला असता). हेवीवेटचा टोनी टकर साडेसहा फुटांच्या जवळचा. १९८७ मध्ये टायसननं त्यालाही हरवलं. त्याचे गुरू कस डमाटो यांनी शिकवलेलं: दोन्ही ग्लोव्ह गालाला, डोकं सारखं हलतं, जॅबच्या, म्हणजे समोरच्याच्या पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, खालून आत शिरायचं, बरगडीवर एक आणि लगेच हनुवटीवर दुसरा. विसाव्या वर्षी विजेता झाला तो याच कामावर. उंच गड्यांच्या गटात बुटका माणूस टेक्निकनं कसा जिंकतो, याचं उदाहरण हवं होतं ना? तेच त्यांनी समोरच्या कोपऱ्यात बसवलंय.