काका, मी सुट्टी म्हटलं, काडीमोड नाही

काका, नमस्कार. तुमची कॉमेंट वाचून आधी राग आला, मग चहा घेतला आणि आता लिहायला बसलेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, डायलिसिसवरच्या माणसाच्या बायकोला आठवड्यातून एक दिवस तरी सुट्टी मिळाली पाहिजे असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, त्यावर काका म्हणतात, "नवऱ्याच्या सेवेतून कसली सुट्टी? आमच्या आईने बाबांचं सगळं अंथरुणात केलं, हूं की चूं नाही. पुण्यामुंबईची फॅडं कोकणात आणू नका."

काका, तुम्हीच लिहिलंय की तेव्हा तुम्ही लालबागला होतात आणि गणपती-शिमग्याला गावी जायचात. मग आईने हूं केलं की चूं केलं हे तुम्हाला कळणार कसं? चाकरमानी घरात असताना कुठली बाई रडत बसते हो, तेव्हा घावणे घालायचे असतात. शिवाय तुमच्याच म्हणण्याप्रमाणे घरात दोन काकू आणि आजी होती, म्हणजे रात्री जागायला पाळी लावता येत होती. आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे आणि दादाच्या घरात माणसं दोन, एक आजारी आणि एक वहिनी.

डायलिसिस म्हणजे आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी साधारण ४ तास मशीनवर, वर जाण्यायेण्याचा घाटरस्ता. पण खरा ताप घरी असतो. पाणी मोजून प्यायचं, आणि त्यात पेज, सोलकढी, चहा सगळं धरायचं. सुका बांगडा बंद, कारण मिठाने तहान लागते. हे "नको" दिवसभर म्हणायचं कोणी? वहिनीने. त्यात भेटायला येणारा प्रत्येक जण प्रेमाने शहाळं घेऊन येतो! किडनी काम करत नसली की पोटॅशियम रक्तातच साठतं, फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि शहाळ्यात तेच भरपूर. पाहुण्याला वाटतं नारळपाणी थंड असतं, काय होतंय. वहिनी उचलून आत ठेवते, दादा चिडतो, पाहुणा वाईट तोंड करून जातो आणि मग वाडीत चर्चा, बायको त्याला घोटभर पाणी पण देत नाही. मी सख्खी नणंद, तरी सांगते, हे ऐकून घेणं डायलिसिसपेक्षा जड आहे.

दादाचंही सांगते. येणारी माणसं त्याच्यासमोर डोळे पुसतात आणि हाच त्यांना धीर देत बसतो. परवा शेजारचे एक जण आले, तब्येतीचं नावही काढलं नाही, सरळ बांधावरच्या फणसावरून भांडायला लागले. सातबारा काढा म्हणे! दादा तासभर तावातावाने बोलला आणि रात्री नीट जेवला. "मी ओझं झालोय" हे तो वहिनीला बोलत नाही, मला बोलतो, मशीनवर असताना, कारण शनिवारी सोबत मी असते. म्हणजे सुट्टी फक्त वहिनीला मिळते असं नाही, दादालाही बोलायला दुसरं माणूस मिळतं. (कोणीच नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे २०२२ पासून, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं.)

एक पटलं तुमचं, पगारी बाई ठेवून घरच्यांनी हात झटकू नयेत. पण मी ते म्हटलंच नव्हतं, आणि गावात अशी बाई मिळते कुठे? फॅडाचं म्हणाल तर डायलिसिसला जाणाऱ्या पेशंटबरोबर सोबतच्या माणसालाही रेल्वे तिकिटात सवलत देते. सोबतीचा माणूस लागतो हे रेल्वेला कळलंय काका, आपल्याला नाही.

आता तुम्ही रिटायर आहात, मे महिन्यात गावी येताय असंही लिहिलंय. वहिनीची दाढ कधीपासून ठणकतेय, डॉक्टरकडे जायला दिवस मिळत नाही. एक मंगळवार घ्या. गाडी सकाळी साडेसहाला निघते, डबा वहिनी देईल, दादा मशीनवर बहुतेक झोपतो. उठताना कधी बीपी खाली येतं, तेव्हा थोडा वेळ बसवून मग उतरवायचं, आणि धरायचं ते उजव्या हाताला, डाव्यात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली नस.