पूर्वेचा समुद्र सकाळी भेटतो

सुट्टी आणि समुद्र म्हटलं की आपल्या महाराष्ट्रातल्या गाड्या न सांगता पश्चिमेला वळतात. अलिबाग, गणपतीपुळे, मालवण, फार तर गोवा. आणि समुद्र म्हणजे संध्याकाळ. ऊन उतरायची वाट बघायची, चपला हातात घेऊन पाण्यात उभं राहायचं, सूर्य बुडाला की भेळ खाऊन परत. हे सगळं मला मनापासून आवडतं. तरीही डिसेंबरात विशाखापट्टणमला जाऊन आल्यापासून मी भेटेल त्याला सांगतेय, एकदा तरी पूर्व किनाऱ्यावरच्या शहरात सुट्टी काढा. तिथला समुद्र सकाळचा आहे, आणि त्यामुळे सुट्टीचा अख्खा दिवसच वेगळा उलगडतो.

आपली प्रमाणवेळ ठरते ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून. ती रेषा आंध्रात काकिनाड्याजवळून जाते, म्हणजे विशाखापट्टणम तिला अगदी लागून. मुंबई तिथून साडेदहा अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर तिथला सूर्य आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटं पुढे. डिसेंबरात सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान तो पाण्यातून वर येतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत शहरामागच्या डोंगरांआड जातो. आपल्या सवयीने साडेपाचला किनाऱ्यावर पोचलात तर हाती अंधारच लागणार. पहाटे उठलात तर मात्र सगळं तुमचं.

आणि उठायला त्रास होत नाही, कारण अख्खं शहर उठलेलं असतं. रामकृष्ण बीचलगतचा रस्ता, सगळे त्याला आरके बीच म्हणतात, पहाटे वाहनांना बंद असतो. त्या मोकळ्या रस्त्यावर आजोबा हात हलवत चालतात, मुलं स्केटिंग करतात, बायका घोळक्याने गप्पा मारत फिरतात. यात पर्यटक थोडे, घरचे लोक जास्त. मला या शहराचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं. समुद्र इथे पाहुण्यांना दाखवायला ठेवलेला नाही, रोजच्या वापरातला आहे.

पहिल्या सकाळी क्षितिजावर ढगांची एक पट्टी होती. आधी तिची कड तांबूस झाली, मग वरच्या बाजूने सूर्याची चकचकीत चकती सरकत बाहेर आली, आणि मासेमारीच्या होड्या एकदम काळ्याभोर दिसायला लागल्या. बाबा जन्मभर सोलापुरात राहिलेले. समुद्रातून सूर्य उगवताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी हात जोडले. शेजारून लेकीने विचारलं, "आजोबा, हाच सूर्य संध्याकाळी आपल्या मालवणला बुडायला जातो का?" बाबा म्हणाले, "हो गं, रोज जातो. तिकीट न काढता." मग दोघांनी मिळून हिशेब मांडला की त्याला मालवणपर्यंत पोचायला किती वेळ लागत असेल. तो नाश्त्यापर्यंत चालला.

नाश्ता म्हणजे पेसरट्टू. अख्खे हिरवे मूग भिजवून, वाटून केलेला पातळ डोसा, वर आलं-मिरची-कांदा, पोटात उपमा आणि सोबत आल्याची आंबट-गोड-तिखट चटणी. आईला तेलुगू येत नाही, गाडीवाल्या मावशींना मराठी येत नाही. तरी मूग किती वेळ भिजवायचे, तांदूळ किती घालायचे, तवा किती तापवायचा हे सगळं पाच मिनिटांत हातवाऱ्यांनी ठरलं. आईने मूठ उघडून तांदूळ दाखवले, मावशींनी तिची अर्धी मूठ मिटवली. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी पेसरट्टू झाला आणि तो उत्तम झाला.

दुपारी आम्ही सरळ झोपायचो. पहाटेचा समुद्र झालेला असतो, संध्याकाळ लवकर येणार असते, मधल्या उन्हात कुठे पळायची गरजच उरत नाही. सहलीत दुपारची झोप मिळणं याला मी चैन मानते.

एक दुपार मात्र आयएनएस कुरसुराला दिली आणि ती द्यायलाच हवी. १९६९ साली नौदलात आलेली ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ पासून याच किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून उभी आहे. लांबी ९१ मीटर, पण आत शिरलात की रुंदी संपते. गोल दारांतून पाय आधी टाकून, डोकं वाकवून पुढे जायचं. झोपायच्या फळ्या एकावर एक, शेजारी पाइप आणि व्हॉल्व्ह, पुढे टॉर्पेडोच्या नळ्या. माहिती सांगायला नौदलातले निवृत्त लोक असतात, आणि ते पाठ केलेलं नाही, जगलेलं सांगतात. लेक एका फळीकडे बराच वेळ बघत होती. बाहेर आल्यावर तिने मोठा श्वास घेतला. मला वाटतं, शाळेच्या पुस्तकातल्या कुठल्याही धड्यापेक्षा तिला तिथे जास्त कळलं.

अंधार पडला की समुद्रावर दिव्यांची रांग लागते. बंदरात जागा मिळायची वाट बघत नांगर टाकून थांबलेली जहाजं. मुरी मिक्श्चरचे कागदी पुडे घेऊन आम्ही ती मोजत बसायचो. कुरमुरे, कांदा, टोमॅटो, शेंगदाणे, वर लिंबू. भेळेची सख्खी बहीण, पण चिंचेशिवाय. तिथेच बाबांनी सांगितलं की या शहरातला जहाजबांधणीचा कारखाना १९४१ मध्ये सुरू केला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. तिथे बांधलेलं 'जलउषा' १९४८ मध्ये नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. हे सांगताना बाबांचा आवाज चढला होता. शेजारच्या बाकावरचं तेलुगू कुटुंबही वळून बघायला लागलं आणि मग त्यांनाही इंग्रजीत सगळं पुन्हा सांगणं झालं.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आरके बीचला पाण्यात खोल जाऊ नका. तिथे पाण्याची ओढ जबरदस्त आहे, माणसं बुडतात, फलक उगाच लावलेले नाहीत. पाय भिजवा, पुरे. आणि भीमुनिपट्टणमच्या वाटेवरचे लाल वाळूचे डोंगर, एर्रा मट्टी दिब्बलू, बघायला गेलात तर उतारांवरून घसरगुंडी करू नका. हजारो वर्षांत साचलेली ती वाळू आहे, पावसाच्या पाण्याने आधीच चिरत चाललीय. आम्ही गेलो तेव्हा एक मोठा घोळका कडेवरून उड्या मारत होता. फार वाईट वाटलं.

आल्यापासून प्रत्येकाचा एकच प्रश्न: "अरकूला नाही गेलात?" विशाखापट्टणमहून अरकूच्या डोंगरांत बोगद्यांतून जाणारी ती रेल्वे, कॉफीचे मळे, बोर्रा गुहा, सगळं सुंदर असणार आणि आम्ही जाणारच आहोत. पण मुक्काम वाढवून. आरके बीचवरची एकही सकाळ त्यासाठी द्यायला आमच्या घरात कुणी तयार नाही.