सात नाना, एक पांढरी ओळ आणि ओढून ताणलेला पडदा

सात मुली. चेहरा एक, उंची एक, नावाचा पहिला तुकडाही एकच. सातही जणी एकाच खोलीत एकमेकींवर ओरडतायत आणि पडद्याच्या तळाशी पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ येते, "नाही, मीच जाणार!" कोण जाणार? सातांपैकी कोण? सबटायटल करणाऱ्याला हे सांगावंसंच वाटलं नाही!

'शिचिनिन नो नाना' ही यासुहिरो इमागावा यांनी दिग्दर्शित केलेली २५ भागांची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका २००२ साली जपानमध्ये टीव्ही टोक्योवर आली. माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातली नाना सुझुकी, समोर हायस्कूलची प्रवेश परीक्षा, आणि आजोबांचा एक प्रयोग भलतीकडे गेल्यामुळे तिच्याच स्वभावाचे तुकडे होऊन घरात उभ्या राहिलेल्या आणखी सहा नाना. एक चिडकी, एक रडूबाई, एक हुशार. सगळी गंमत या सहा जणींना मूळ नानापासून आणि एकमेकींपासून वेगळं ओळखण्यात आहे. नेमकी तीच गंमत आज बघणाऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि त्यात मालिकेचा काडीचाही दोष नाही.

आधी नावं घ्या. मुळात त्यांना नानाप्पे, नानारिन, नानाच्ची अशी वेगवेगळी हाक मारतात. ही शेपटं म्हणजे त्यांची ओळखपत्रं आहेत. सबटायटलमध्ये ती छाटून सगळीकडे नुसतं 'नाना' लिहिलं की संवादाचा अर्थच संपतो. बरं, ओळखू येतील असे रंग देणं काही नवीन नाही. जपानी टीव्हीवरच्या कॅप्शनमध्ये मुख्य पात्रांना पिवळा, आकाशी, हिरवा आणि बाकीच्यांना पांढरा रंग देण्याची पद्धत रुळलेली आहे. डीव्हीडीच्या सबटायटललाही एका वेळी चार रंग वापरता येतात. एएसएस या सबटायटल फाइलच्या प्रकारात तर प्रत्येक ओळीला बोलणाऱ्याच्या नावाचा रकानाच असतो! तो भरायचा, सात स्टाइल, म्हणजे अक्षरांच्या सात ठरावीक रचना बनवायच्या, अक्षरं पांढरीच ठेवून फक्त कडा रंगवायची, म्हणजे उजळ पार्श्वभूमीवरही वाचता येतं. अक्षरंच रंगवायची असतील तर गडद लाल आणि गडद निळी टाळायची, अंधाऱ्या दृश्यात ती बुडतात. दोघी एकदम बोलल्या तर दोन ओळी, प्रत्येकीच्या आधी आडवी रेघ. तिघी बोलल्या तर तिसरीची ओळ पडद्याच्या वरच्या बाजूला. हे काम कंटाळवाणं आहे, अवघड अजिबात नाही. आणि पैसे घेऊन विकताय ना? मग करा!

आता चित्र. मालिका ४:३ आकाराची आहे. आपल्याकडचे टीव्ही १६:९, आणि घरातल्या कुणाला तरी बाजूच्या काळ्या पट्ट्या खुपतात, म्हणून रिमोटवर 'फुल' किंवा 'वाइड' दाबलेलं असतं. त्याने रुंदी सरळ एक तृतीयांशाने वाढते आणि साती जणी बसक्या दिसतात. 'झूम' केलं तर आणखी वाईट, कारण ४८० ओळींतल्या १२० वरखालून जातात. एकटीच्या चेहऱ्यावर ते एक वेळ चालून जाईल. पण सात जणींना एका चौकटीत बसवायचं म्हणून काहींना मागे उंचावर, काहींना पुढे खाली बसवलेलं असतं. कात्री नेमकी त्यांच्यावरच चालते. टीव्हीवर '४:३' किंवा 'ओरिजिनल' निवडा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये 'ए' दाबत राहिलं की प्रमाण बदलतं. फाइल ७२०×४८० ची असून प्रमाणाची नोंदच पुसली गेली असेल तर चित्र ३:२ दिसतं, म्हणजे थोडंसंच फताडं. हा सगळ्यात चीड आणणारा प्रकार, कारण चटकन लक्षात येत नाही आणि सगळ्या जणी विनाकारण जाडसर वाटत राहतात.

पण खरा सत्यानाश होतो फ्रेममध्ये. चित्रपटाच्या वेगाच्या सेकंदाला २४ फ्रेम जपानी टीव्हीच्या ६० फील्डमध्ये (फील्ड म्हणजे एक सोडून एक ओळीचं अर्धं चित्र, दोन मिळून एक फ्रेम) बसवताना एक फ्रेम दोन फील्डला, पुढची तीन फील्डला अशी वाटली जाते. परिणाम असा, की दर पाच फ्रेममध्ये तीन स्वच्छ आणि दोन कंगव्याच्या दातांसारख्या चिरलेल्या. यावर योग्य उपाय म्हणजे फील्डच्या जोड्या पुन्हा जुळवून पाचातली जास्तीची एक फ्रेम काढून टाकणं, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० (नेमक्या २९.९७) फ्रेमवरून पुन्हा सुमारे २४ (नेमक्या २३.९७६) वर येणं. आळशी उपाय म्हणजे दोन फील्ड मिसळून टाकणं. मग धावणाऱ्या प्रत्येक नानाच्या मागे तिची फिकट सावली उमटते. ज्या मालिकेत मुलीच्या प्रतिकृती हाच कथेचा विषय आहे, तिथे ही भुतं घालता? बघणाऱ्याने मोजायच्या किती जणी? आणि एकदा असं मिसळून एन्कोड केलं की मूळ फ्रेम परत काढणं जवळपास अशक्य. म्हणून मूळ डिस्क जपून ठेवा आणि त्यातूनच नव्याने काढा. सरकती श्रेयनामावली तेवढी तपासून घ्या, ती कधी कधी खरोखर ६० फील्डचीच बनवलेली असते आणि एक फ्रेम काढली की धक्के खाते.

सेकंदाला २५ फ्रेमच्या 'पाल' या टीव्ही पद्धतीत बदललेली प्रत मिळाली तर वेग चार टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, २४ मिनिटांचा भाग २३ मिनिटांत संपतो, आवाज चढतो. सात किशोरवयीन मुलींचा कलकलाट आणखी वरच्या पट्टीत! त्यात टीव्हीचं 'मोशन स्मूदिंग' सुरू असेल तर बघायलाच नको. अशा मालिकांत एक चित्र दोन किंवा तीन फ्रेम तसंच धरलेलं असतं, ते मुद्दाम. टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवतो आणि एकीचा हात दुसरीच्या केसांत विरघळतो. सेटिंगमध्ये जाऊन हे आधी बंद करा. काही टीव्हींवर एचडीएमआयच्या प्रत्येक इनपुटसाठी ते वेगळं बंद करावं लागतं, आणि हे कंपन्या पुस्तिकेत ठळक छापत नाहीत.